डीएसएलआर की खिशातला कॉम्पॅक्ट? कॅमेरा घेण्याआधी करायचे गणित

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात गेल्यावर बऱ्याच जणांना कॅमेरा घ्यावासा वाटतो. कुणाला महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाचे फोटो काढायचे असतात, कुणाला ट्रेकचे, कुणाला पक्ष्यांचे. काहींना सुट्टीत मुंजी-साखरपुड्यांचे फोटो काढून फीला हातभार लावायचा असतो. पैसे मात्र बहुतेकांकडे एकदाच जमतात: घरून मागितलेले किंवा शिष्यवृत्तीतून वाचवलेले. म्हणून निवड चुकली तर ती महागात पडते. दुकानात गेलो की दोन आकडे कानावर येतात, मेगापिक्सेल आणि झूम. या दोन आकड्यांवरून निर्णय घेता येत नाही. त्यासाठी तिसरा एक आकडा लागतो. तो जाहिरातीत छापलेला नसतो, पण बारावीच्या भौतिकशास्त्रावरून तुम्ही तो अर्ध्या मिनिटात काढू शकता. या पाठात आपण तो आकडा समजून घेऊ आणि त्यावरून सुरुवातीचा डीएसएलआर घ्यावा की खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, हे ठरवू.

१. दोन कॅमेऱ्यांची रचना

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि तिथून वर वळून डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. लेन्स बदलता येते. २००३ साली कॅननचा ईओएस ३००डी आला तेव्हा अशा कॅमेऱ्याची किंमत हजार डॉलरच्या खाली आली आणि डीएसएलआर सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागला. निकॉनचा डी३५०० हा २०१८ चा कॅमेरा याच सुरुवातीच्या वर्गातला. आज या वर्गातले बरेच कॅमेरे नवे बनत नाहीत, पण वापरलेले भरपूर मिळतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट फायद्याचीच आहे.

कॉम्पॅक्टमध्ये आरसा नसतो. लेन्स बॉडीतच कायमची बसवलेली असते आणि सेन्सरवर पडणारे चित्र सरळ पडद्यावर दिसते. यात दोन उपप्रकार आहेत. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमी असतो. थोड्या महाग कॉम्पॅक्टमध्ये ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो १३.२ × ८.८ मिमीचा सेन्सर असतो. २०१२ चा सोनी आरएक्स१०० हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. डी३५०० चा सेन्सर २३.५ × १५.६ मिमी आहे.

क्षेत्रफळे काढून पाहा: साधा कॉम्पॅक्ट सुमारे २८ चौ. मिमी, एक इंची सुमारे ११६, डीएसएलआर सुमारे ३६७. म्हणजे साध्या कॉम्पॅक्टच्या तुलनेत डीएसएलआरचा सेन्सर १३ पट मोठा. मात्र इथेच थांबून ‘मोठा सेन्सर म्हणजे चांगला फोटो’ असा निष्कर्ष काढू नका. सेन्सर हे भांडे आहे. त्यात किती प्रकाश पडतो ते दारावर अवलंबून असते.

२. खरा आकडा: छिद्राचा व्यास

लेन्सवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात, नाभीय अंतर आणि एफ-अंक. उदाहरणार्थ, ‘१८-५५ मिमी, एफ/३.५-५.६’. एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर आणि छिद्राचा व्यास यांचे गुणोत्तर. म्हणून

छिद्राचा व्यास = नाभीय अंतर ÷ एफ-अंक

हा व्यास आपण ‘व्या’ म्हणू. समजा, दोन वेगळे कॅमेरे घेऊन तुम्ही एकाच जागी उभे आहात आणि दोन्हींत अगदी तेवढेच दृश्य मावते आहे. दृश्य तेच, कोन तोच, शटर उघडे राहण्याचा वेळही तोच. मग कॅमेऱ्यात शिरणारा एकूण प्रकाश फक्त छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून राहतो. सेन्सरचा आकार या हिशेबात आपोआप येतो, कारण तेवढेच दृश्य मोठ्या सेन्सरवर मावायला नाभीय अंतरही त्याच प्रमाणात मोठे लागते.

आता रुंद कोनावर, म्हणजे झूम न करता, चार कॅमेऱ्यांचे व्यास काढू.

साधा कॉम्पॅक्ट: ५ मिमी ÷ ३.२ = सुमारे १.६ मिमी
मध्यम किमतीचा फोन, मुख्य कॅमेरा: ४.७ मिमी ÷ १.८ = सुमारे २.६ मिमी
आरएक्स१००: १०.४ मिमी ÷ १.८ = सुमारे ५.८ मिमी
डीएसएलआर, किट लेन्ससह: १८ मिमी ÷ ३.५ = सुमारे ५.१ मिमी

या चारही ठिकाणी दृश्यकोन जवळजवळ सारखाच आहे. या यादीत दोन गोष्टी अनेकांच्या समजुतीला धक्का देणाऱ्या आहेत. पहिली, साध्या कॉम्पॅक्टचे छिद्र फोनपेक्षाही लहान आहे. तुमच्याकडे बरा फोन असेल, तर रुंद कोनाच्या फोटोंसाठी साधा कॉम्पॅक्ट घेऊन काही मिळत नाही. दुसरी, एक इंची कॉम्पॅक्ट रुंद कोनावर किट लेन्स लावलेल्या डीएसएलआरच्या मागे नाही, किंचित पुढेच आहे. सेन्सर तिपटीने लहान, पण दार थोडे मोठे.

३. या व्यासावर तीन गोष्टी ठरतात

पहिली: फोटोतले दाणे. प्रकाश फोटॉनच्या रूपात येतो आणि फोटॉन ठरावीक अंतराने येत नाहीत, विखुरलेले येतात. सरासरी ‘न’ फोटॉन आले तर त्यातला चढउतार ‘न’च्या वर्गमुळाएवढा असतो. चित्राच्या एखाद्या भागात १०,००० फोटॉन आले तर चढउतार १००, म्हणजे एक टक्का. तिथेच ९०० फोटॉन आले तर चढउतार ३०, म्हणजे सुमारे ३.३ टक्के. अंधाऱ्या फोटोत सावलीच्या भागात दिसणारे दाणे प्रामुख्याने यातूनच येतात. महागडे इलेक्ट्रॉनिक्स वापरूनही हा चढउतार पुसता येत नाही, कारण तो प्रकाशातच आहे. उपाय एकच: जास्त फोटॉन गोळा करणे, म्हणजे मोठे छिद्र किंवा जास्त वेळ. फोन एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जुळवतात, तीही वेळ वाढवण्याचीच युक्ती आहे. हलत्या माणसावर ती पुरेशी चालत नाही.

दुसरी: पार्श्वभूमी किती धूसर होते. समजा, तुम्ही मैत्रिणीच्या चेहऱ्यावर फोकस केला आहे आणि मागे खूप लांब एक दिवा आहे. फोटोत त्या दिव्याची चकती होते. ही चकती चेहऱ्याच्या जागी ठेवलेल्या पट्टीने मोजली, तर तिचा व्यास नेमका छिद्राच्या व्यासाएवढा येतो. समरूप त्रिकोण काढून हे स्वतः पडताळून पाहा. म्हणजे १.६ मिमी छिद्र असेल तर मागचा दिवा चेहऱ्यावरच्या तिळाएवढाच पसरतो आणि पार्श्वभूमी जवळजवळ स्पष्ट राहते. ५० मिमी एफ/१.८ लेन्सचा व्यास जवळपास २८ मिमी आहे. तिथे दिव्याची चकती डोळ्याएवढी होते आणि मागची सगळी गर्दी विरघळून जाते.

तिसरी: तपशील. छिद्राच्या कडेला प्रकाशाचे विवर्तन होते. लेन्स कितीही निर्दोष असली तरी दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात किमान १.२२ × तरंगलांबी ÷ व्यास एवढा कोन हवा. व्यास लहान असेल तर पिक्सेल कितीही वाढवा, तपशील वाढत नाही. त्याच धूसरपणाचे जास्त तुकडे होतात, इतकेच. २० मेगापिक्सेलचा साधा कॉम्पॅक्ट आणि २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर कागदावर शेजारी वाटतात. प्रत्यक्षात पहिल्याचा एक पिक्सेल सुमारे १.२ मायक्रॉन रुंद आहे, दुसऱ्याचा ३.९ मायक्रॉन.

४. सोडवलेली उदाहरणे

उदाहरण १. सभागृहात रंगमंचावर नृत्य चालू आहे. पाय थिजलेले दिसायला १/१६० सेकंदाचा शटर हवा. ५० मिमी एफ/१.८ लेन्सला तिथे आयएसओ ४०० पुरतो असे समजू. किट लेन्स त्याच झूमला कितीचा आयएसओ मागेल?

किट लेन्स ५० मिमीच्या आसपास एफ/५.६ वर असते. गुणोत्तर (५.६ ÷ १.८) चा वर्ग, म्हणजे सुमारे ९.७. म्हणून आयएसओ सुमारे ३,९०० लागेल. प्रकाश दहाव्या हिश्शाएवढा आणि दाणे तिपटीहून जास्त. कॅमेरा तोच, सेन्सर तोच. फरक केवळ लेन्सचा. स्नेहसंमेलनात ‘डीएसएलआर असूनही फोटो दाणेदार आले’ ही तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुधा इथे असते.

उदाहरण २. तळ्याकाठी २० मीटरवर खंड्या बसला आहे. भरपूर ऊन आहे. त्याच्या अंगावरचा किती मिमीपर्यंतचा तपशील मिळेल? हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरा.

किट लेन्स, ५५ मिमी एफ/५.६: व्यास ९.८ मिमी. विवर्तनाची मर्यादा सुमारे १.४ मिमी. एका पिक्सेलची रुंदीही पक्ष्यावर सुमारे १.४ मिमीच येते.
३० पट झूमचा कॉम्पॅक्ट, १२० मिमी एफ/६.४: व्यास सुमारे १९ मिमी. मर्यादा सुमारे ०.७ मिमी.
डीएसएलआर आणि ३०० मिमी एफ/६.३ लेन्स: व्यास सुमारे ४८ मिमी. मर्यादा सुमारे ०.३ मिमी.

म्हणजे उन्हात पक्षी टिपायचा असेल आणि दुसरी लेन्स घ्यायला पैसे नसतील, तर जास्त झूमचा कॉम्पॅक्ट किट लेन्सवाल्या डीएसएलआरपेक्षा सरस ठरतो. लांब पल्ल्याची लेन्स आली की चित्र उलटते.

उदाहरण ३. प्रयोगशाळेत सर्किट बोर्डाचा फोटो हवा आहे आणि पुढच्या-मागच्या सगळ्या घटकांवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. इथे पार्श्वभूमी धूसर होणे ही अडचण आहे. लहान छिद्राचा कॉम्पॅक्ट किंवा फोन हे काम विनासायास करतो. डीएसएलआरमध्ये छिद्र मुद्दाम एफ/११ ला आणावे लागते आणि मग स्टँड लागतो. सर्वेक्षणाला जाणाऱ्या स्थापत्य शाखेच्या आणि नमुने टिपणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

५. व्यासात न मावणारे फरक

वेग. डीएसएलआरमध्ये फोकससाठी स्वतंत्र सेन्सर असतो. वस्तू पुढे आहे की मागे, हे त्याला एकाच मोजणीत कळते. साधा कॉम्पॅक्ट लेन्स पुढे-मागे सरकवत चित्र कधी सर्वांत स्पष्ट होते ते शोधतो. कबड्डीचा सामना किंवा धावते लहान मूल टिपताना हा फरक जाणवतो.

बॅटरी. आरशातून बघताना पडदा चालू ठेवावा लागत नाही. डी३५०० एका चार्जमध्ये प्रमाणित चाचणीनुसार सुमारे १,५५० फोटो काढतो, आरएक्स१०० सुमारे ३३०. वीज नसलेल्या मुक्कामांवर किंवा पूर्ण दिवसाच्या लग्नात हे महत्त्वाचे ठरते.

शिकण्याची सोय. छिद्र, शटर आणि आयएसओ स्वतः ठरवता येणे आणि फोटो रॉ स्वरूपात साठवता येणे, या दोन सोयी डीएसएलआरमध्ये असतातच. एक इंची कॉम्पॅक्टमध्येही बहुधा असतात. साध्या कॉम्पॅक्टमध्ये सहसा नसतात. फोटोग्राफी विषय म्हणून शिकायची असेल तर या सोयी नसलेला कॅमेरा घेऊ नका.

वजन. डी३५०० किट लेन्ससह सुमारे ६२० ग्रॅम भरतो, आरएक्स१०० २४० ग्रॅम. ६२० ग्रॅम हातात जड नाहीत. पण त्यासाठी वेगळी पिशवी लागते, गर्दीच्या लोकलमध्ये ती सांभाळावी लागते आणि हॉस्टेलवर कुलपात ठेवावी लागते. बरोबर नसलेल्या कॅमेऱ्याच्या छिद्राचा व्यास शून्य असतो. आमच्या महाविद्यालयात डीएसएलआर घेतलेली बरीच मुले वर्षभराने पुन्हा फोननेच फोटो काढताना दिसतात. त्यांची हौस खोटी नव्हती. फक्त त्यांच्या रोजच्या दिवसात त्या पिशवीला जागा नव्हती.

६. मग घ्यायचे काय?

स्वतःला एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षभरात मी दुसरी लेन्स घेणार आहे का?

उत्तर ‘हो’ असेल तर डीएसएलआर घ्या. बॉडी जुनी, स्वस्त चालेल. पैसा लेन्सवर घाला. माणसे आणि रंगमंच यांसाठी ५० मिमी किंवा ३५ मिमी एफ/१.८, पक्ष्यांसाठी ३०० मिमीपर्यंतची झूम. समारंभाचे काम करून चार पैसे मिळवायचे असतील तर बाहेरचा फ्लॅशही हवा, म्हणजे त्याचा प्रकाश छतावरून परावर्तित करता येतो. बॉडीवर फ्लॅश बसवायची जागा, म्हणजे हॉट शू, आधी नीट बघून घ्या. काही अगदी स्वस्त बॉडींच्या हॉट शूमध्ये मधली पिन नसते आणि इतर कंपन्यांचे साधे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत.

उत्तर ‘नाही’ असेल आणि फोटो मुख्यतः प्रवासाचे, घरच्यांचे, रस्त्यावरचे असतील, तर एक इंची कॉम्पॅक्ट घ्या. किट लेन्सच्या तोडीचा प्रकाश तो खिशातून देतो. नव्याची किंमत झेपत नसेल तर जुने मॉडेल वापरलेले शोधा.

उन्हातले लांबचे विषय आणि तुटपुंजे बजेट असेल, तर जास्त झूमचा कॉम्पॅक्ट. आणि यातले काहीच लागू होत नसेल तर फोनच चालू ठेवा. पैसे वाचवणे हाही एक योग्य निर्णय आहे.

७. वापरलेला कॅमेरा घेताना

शटर किती वेळा उडाले ते विचारा. सुरुवातीच्या डीएसएलआरचे शटर साधारण एक लाख वेळांसाठी बनवलेले असते. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो, तेव्हा विक्रेत्याकडून नुकताच काढलेला मूळ फोटो मागवा.

लेन्समधून टॉर्चचा प्रकाश आरपार सोडून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. कोकण, गोवा, केरळ, बंगाल अशा दमट हवेतून आलेल्या लेन्समध्ये हे अधिक तपासा. स्वतःची लेन्सही पावसाळ्यात कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा.

निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते. जुन्या, स्वस्त ‘एएफ-डी’ लेन्स त्यांवर बसतात, पण फोकस हाताने करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेली लेन्स घ्या. नवा कॅमेरा घेत असाल तर जीएसटीचे बिल आणि कंपनीचे भारतातले वॉरंटी कार्ड दोन्ही घ्या. आयात केलेला ‘ग्रे मार्केट’चा माल थोडा स्वस्त पडतो, पण दुरुस्तीच्या वेळी वॉरंटी मिळत नाही.

सारांश

सारख्याच दृश्यकोनावर छिद्राचा व्यास हा प्रकाश, पार्श्वभूमी आणि तपशील या तिन्हींचा मूळ आकडा आहे. किट लेन्सवर थांबणाऱ्याला डीएसएलआरचा फायदा थोडाच मिळतो. खरा फायदा लेन्स बदलण्यात आहे. मिरर नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांनाही हेच गणित लागू पडते.

स्वाध्याय

१. ३५ मिमीवर किट लेन्स एफ/४.५ आहे असे धरून, ३५ मिमी एफ/१.८ लेन्स तिच्या किती पट प्रकाश आत घेते ते काढा. (उत्तर: ६.२५ पट)

२. ३०० मिमी एफ/६.३ लेन्सने ४० मीटरवरच्या पक्ष्याचा किती मिमीपर्यंतचा तपशील मिळेल? (उत्तर: सुमारे ०.५६ मिमी)

३. फोनमधले शेवटचे १०० फोटो उघडा. घरात किंवा रात्री काढलेले किती, लांबचे किती, उन्हातले जवळचे किती, याची तीन रकान्यांत नोंद करा. तुम्ही कसले फोटो काढता ते या रकान्यांत दिसेल. दुकानात जाताना हा कागद बरोबर न्या.